मुखपृष्ठावरचा परका चेहरा

गेल्या श्रावणातील एका संध्याकाळी आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत, उभ्या मारुती चौकापासून आत वळणाऱ्या एका बोळात, आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांच्या घरी बसलो होतो. बाहेर पावसाची झड लागली होती. आत मास्तरांच्या मांडीवर त्यांच्या पहिल्यावहिल्या कादंबरीच्या मुखपृष्ठाचा छापील नमुना होता. छत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविलेल्या ह्या गृहस्थांनी निवृत्तीनंतरची सहा वर्षे एकाच माणसाला वाहिली होती. तो माणूस म्हणजे 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडात जन्मलेला, १५७९ साली गोव्यात उतरलेला, सासष्टीत चाळीस वर्षे राहून १६१९ साली तेथेच देह ठेवलेला आणि मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण रचणारा हा येशूसंघीय धर्मगुरू कादंबरीचा नायक व्हावा, ही मास्तरांची जुनी इच्छा होती.

"फादर, बघा तरी. आपले स्टीफनबाबा!" असे म्हणून त्यांनी नमुना आमच्या हाती दिला.

आम्ही पाहिले आणि क्षणभर काय बोलावे ते आम्हांला सुचेना. लांब दाढी, बाह्यांत दडविलेले हात, डोक्यावर उंच काळी टोपी. टोपीचा बराचसा भाग शीर्षकाखाली गेला होता, तरी चेहरा ओळखू येत होता. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना हेच चित्र आमच्या पाठ्यपुस्तकात होते. ते फादर स्टीफन्स नव्हते. चीनमध्ये सुवार्ताकार्य केलेले आणि १६१० साली पेकिंगमध्ये निवर्तलेले फादर मातेओ रिची यांचे ते चित्र होते. त्यांच्याच संघातील एका चिनी वंशाच्या बंधूने ते रंगविले असून रोममध्ये ते जतन केलेले आहे. जुळणी करणाऱ्या तरुणाने इंटरनेटवर नाव टाकले, कोणीतरी त्या चित्राखाली भलतेच नाव लिहून ठेवले होते, आणि ते उचलून त्याने मुखपृष्ठ सजविले. त्या मुलाचा हेतू वाईट नव्हता. परंतु आणखी चार दिवसांनी तीनशे प्रती छापून झाल्या असत्या, आणि मराठी वाचकाच्या मनात फादर स्टीफन्स यांचा चेहरा म्हणून एका परक्या माणसाचा चेहरा कायमचा बसला असता.

चहा घेऊन आलेल्या बाईंनी सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "म्हणजे चुकीच्या माणसाच्या पाया पडलो असतो की आपण!"

त्या वाक्याने मास्तर हसले, पण त्यांचा चेहरा उतरलेला होता. छपाईसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मुखपृष्ठासाठी त्यांच्याकडे चार हजार रुपये उरले होते. ह्या प्रसंगातून पुढचे तीन महिने आम्ही दोघांनी जी शोधाशोध केली, तिच्यातून ऐतिहासिक कादंबरीच्या मुखपृष्ठाविषयी काही विचार मनात आले. ते ह्या लेखात वाचकांपुढे ठेवीत आहोत. मुखपृष्ठ ही केवळ सजावट नसून तीही समीक्षेचा विषय आहे, असे आमचे मत आहे.

संत इग्नेशियस यांच्या 'आध्यात्मिक साधने'त चिंतनाच्या आरंभी स्थळाची कल्पना करण्यास सांगितलेले आहे. प्रार्थनेत शिरण्यापूर्वी साधकाने तो रस्ता, ते घर, ती माणसे डोळ्यांपुढे आणावीत. ऐतिहासिक कादंबरीचे मुखपृष्ठ नेमके हेच काम करते. वाचकाने पहिले वाक्य वाचण्यापूर्वीच ते त्याला एका काळात आणि एका स्थळी नेऊन उभे करते. तेथे खोटे स्थळ उभे राहिले, तर पुढची तीनशे पाने त्या खोट्याशी झगडत राहतात. म्हणून मुखपृष्ठावरील चित्राला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते खरे आहे काय? ते वापरण्याचा आपणांस हक्क आहे काय? आणि ते आपल्या ऐपतीत बसते काय? बहुधा तिसरा प्रश्न आधी विचारला जातो, दुसरा कोणी विचारीत नाही, आणि पहिला पुस्तक छापून झाल्यावर एखादा जाणता वाचक विचारतो.

पहिला प्रश्न शिवाजी पेठेतील माणसास नव्याने समजावून सांगण्याचे कारण नाही. ज्यांचे नाव ह्या पेठेने धारण केले आहे, त्या छत्रपतींच्या चित्राचा इतिहासच ह्या बाबतीत मोठा बोलका आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीची कित्येक वर्षे महाराजांचे म्हणून जे चित्र प्रचारात होते, ते मनुचीच्या संग्रहातील इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रांच्या आधारे ही चूक दाखवून दिली आणि १९३३ साली महाराजांचे समकालीन चित्र लोकांपुढे आणले. ज्या पुरुषाची तसबीर घराघरांत लावली जाते, त्याच्या बाबतीत जर असे घडू शकते, तर सासष्टीतल्या एका परदेशी धर्मगुरूची काय कथा! बेंद्रे यांच्या कामाची थोरवी त्यांना नवे चित्र सापडले एवढ्यापुरती नाही. चित्राखाली लिहिलेल्या नावावर विश्वास न ठेवता त्या नावाचा पुरावा मागण्याची सवय त्यांनी लावली, हे आम्हांला अधिक मोलाचे वाटते.

फादर स्टीफन्स यांचे समकालीन व्यक्तिचित्र उपलब्ध नाही. ही गोष्ट मास्तरांना प्रथम मोठी अडचण वाटली. आम्हांला ती सुटका वाटली. चेहरा नाही म्हटल्यावर खोटा चेहरा लावण्याचा मोहही टाळता येतो.

आता आपल्या ऐतिहासिक कादंबरीच्या मुखपृष्ठांकडे वळू. कोल्हापूर जिल्हा हे ह्या वाङ्मयप्रकाराचे जणू माहेर आहे. 'स्वामी' (१९६२) आणि 'श्रीमान योगी' (१९६८) लिहिणारे रणजित देसाई कोवाडचे. 'छावा' (१९७९) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे. त्या पिढीच्या पुस्तकांना मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांसारखे चित्रकार लाभले. दलालांनी मराठी पुस्तकांची असंख्य मुखपृष्ठे रंगविली. त्या काळची मुखपृष्ठे निर्दोष होती असे आम्ही म्हणणार नाही. त्यांतील वीरपुरुष पुष्कळदा नाटकातल्या पात्रासारखे उभे राहत आणि स्त्रिया गरजेपेक्षा अधिक सुंदर दिसत. परंतु ते चित्र त्या पुस्तकासाठी काढलेले असे. चित्रकाराचा हात, त्याची समजूत आणि त्याची सही त्यावर असे. चूक झाली तर ती कोणाची, हे ठाऊक असे.

आजची स्थिती निराळी आहे. एखाद्या ग्रंथप्रदर्शनात ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या मांडणीपुढे वाचकांनी पाच मिनिटे उभे राहून पाहावे. मावळता सूर्य, त्यापुढे किल्ल्याची काळी आकृती, मागील पायांवर उभा घोडा, उगारलेली तलवार, आणि आपल्याकडे पाठ करून उभा असलेला एक पुरुष. दोन पुस्तकांची मुखपृष्ठे अदलाबदल केली तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही. किल्ला सह्याद्रीतला की राजस्थानातला हे सांगता येत नाही. तलवारीची मूठ मराठी धोपेची की युरोपातल्या सिनेमातली, हे विचारण्याची सोय नाही. ह्याचे कारण प्रकाशकाची अरसिकता एवढेच नाही. ही चित्रे कोणत्याही पुस्तकासाठी काढलेली नसतात. ती संगणकावर हाताशी असतात, आणि हाताशी आहेत म्हणून वापरली जातात. साहजिकच मुखपृष्ठ पुस्तकाविषयी काही सांगत नाही. ते फक्त 'हे ऐतिहासिक आहे' एवढी पाटी लावते.

त्यात अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने बनविलेल्या चित्रांची भर पडली आहे. मास्तरांच्या नातवाने आमच्यासमोर मोबाइलवर दोन वाक्ये लिहिली आणि अर्ध्या मिनिटात चार 'स्टीफन्स' उभे राहिले. चारही देखणे, चौघांच्या डोळ्यांत करुणा, आणि एकाच्या गळ्यात तर आजच्या दुकानात मिळते तशी जपमाळ. फुकट, तत्काळ आणि कोणाचाही दावा नसलेले असे हे चित्र गरीब लेखकाला वरदान वाटणे स्वाभाविक आहे. आम्ही मात्र त्यास नकार दिला. यंत्राचा तिरस्कार हे त्याचे कारण नव्हते. इब्राहिमखान निदान एक खरा माणूस होता. हे चेहरे तर कोणाचेच नाहीत. अशा चेहऱ्याखाली एकदा 'फादर थॉमस स्टीफन्स' असे छापले गेले, की पाचदहा वर्षांनी तोच चेहरा शाळेच्या भिंतीवर आणि चर्चच्या स्मरणिकेत दिसू लागेल. मग तो पुसून काढण्यास पुन्हा एक बेंद्रे जन्मास यावे लागतील.

दुसरा प्रश्न हक्काचा. येथे सुशिक्षित माणसांचीही समजूत कच्ची असते. "इंटरनेटवर आहे म्हणजे सगळ्यांचेच" हे वाक्य आम्ही ह्या तीन महिन्यांत इतक्यांदा ऐकले, की त्यावर एक प्रवचन होऊ शकेल. रस्त्यावरून दिसणारे शेत सर्वांना दिसते, पण म्हणून ते सर्वांच्या मालकीचे होत नाही.

आपल्या १९५७ च्या कायद्याचा हिशेब मुळात सोपा आहे. चित्रकार हयात असेपर्यंत आणि त्याच्या मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे त्या चित्रावरील हक्क टिकतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरील हक्क संपत आले त्या सुमारास, १९९२ साली, ती साठ करण्यात आली. छायाचित्रांची मुदत पूर्वी प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजीत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्रकारासही चित्रकाराप्रमाणेच हयातभर आणि पुढे साठ वर्षे असा हक्क मिळाला आहे.

हा हिशेब आपल्या ओळखीच्या नावांना लावून पाहावा, म्हणजे कायदा पुस्तकात न राहता हातात येतो. राजा रविवर्मा १९०६ साली गेले. त्यांची चित्रे केव्हाच मुक्त झाली. कोल्हापूरचे आबालाल रहिमान १९३१ साली गेले. त्यांचीही मुक्त. कोल्हापुरातच जन्मलेले आणि शिवचरित्रातील प्रसंग रंगविणारे महादेव विश्वनाथ धुरंधर १९४४ साली गेले. त्यांची चित्रे २००५ पासून मुक्त झाली. 'सिंहगड' (१९२३) सारख्या मूकपटांचे कर्ते, आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे स्वतः रंगविणारे बाबूराव पेंटर १९५४ साली गेले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०१४ अखेर संपला. आपल्या समाजातील चित्रकार घ्यावयाचे तर गोव्याचे आंतोनियो शाव्हियर त्रिंदाद १९३५ साली गेले, म्हणजे मुक्त. येशू-मरियेला भारतीय वेशात आणि भारतीय अंगणात रंगविणारे, पुण्यात आयुष्य घालविलेले आंजेलो द फोन्सेका मात्र १९६७ साली गेले. त्यांची चित्रे २०२७ अखेरपर्यंत वारसांच्या परवानगीवाचून वापरता येणार नाहीत. दलाल १९७१ साली गेले, म्हणून त्यांचे चित्र २०३१ अखेरपर्यंत बंधनात आहे. जुन्या पुस्तकाचे मुखपृष्ठ 'जुनेच तर आहे' म्हणून उचलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आणि कोल्हापूरचेच जी. कांबळे यांनी रंगविलेले, शासनमान्य झालेले शिवछत्रपतींचे चित्र घ्या. कांबळे २००२ साली निवर्तले. ते चित्र घरोघरी आहे, पण त्यावरचा हक्क वारसांचा की चित्र करवून घेणाऱ्याचा, हे तपासल्यावाचून ते पुस्तकावर छापणे योग्य नव्हे.

ह्या हिशेबाला दोन पुरवण्या आहेत. पहिली अशी की, चित्र मुक्त असले तरी त्याची आपल्या हाती आलेली प्रत मुक्त असेलच असे नाही. भिंतीवरील सपाट चित्राची हुबेहूब छायाप्रत काढण्याने नवा हक्क निर्माण होत नाही, असा निर्णय न्यूयॉर्कच्या न्यायालयाने १९९९ साली दिला, आणि युरोपीय संघाने २०१९ च्या नियमांत तेच तत्त्व स्वीकारले. तरीही संग्रहालये आपल्या छायाप्रतींवर अटी घालतात, आणि मूळ वस्तू त्यांच्या कपाटात असल्यामुळे त्यांचे ऐकावे लागते. दुसरी पुरवणी पुतळ्यांची. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचे किंवा इमारतीचे छायाचित्र काढून प्रसिद्ध करण्यास आपल्या कायद्यात मुभा आहे. परंतु ते छायाचित्र आपण स्वतः काढलेले असावे. दुसऱ्याने काढलेले असेल तर त्याच्या श्रमावर त्याचा हक्क आहे. मास्तरांच्या मुखपृष्ठाचा दुसरा नमुना ह्याच खड्ड्यात पडला. त्यावर गोव्यातील एका प्राचीन चर्चचे सुंदर छायाचित्र होते, आणि कोपऱ्यातील छायाचित्रकाराचे नाव सफाईने पुसून टाकलेले होते. नाव पुसल्याची खूण बारकाईने पाहिल्यावर दिसत होती.

ह्यावर मास्तर जे म्हणाले ते मनमोकळे होते आणि त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते. "फादर, तीनशे प्रती. त्यातल्या शंभर मी वाटणार. कोण बघतंय? आणि ज्याचा फोटो आहे त्याचं काय नुकसान होतंय?"

कायद्याची भीती घालून आम्ही त्यांना गप्प करू शकलो असतो. हक्कभंगाला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलेला आहे. पण एका सज्जन वृद्धाला तुरुंगाचे नाव घेऊन वळविणे आमच्या मनाला पटेना. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "मास्तर, तुमच्या कादंबरीतली वीस पाने कोणी तुमचे नाव पुसून आपल्या पुस्तकात घातली आणि म्हणाला, माझ्याही तीनशेच प्रती आहेत, तर?" मास्तर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नमुना उलटा करून टेबलावर ठेवला.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजूही आम्ही मान्य केली पाहिजे. हक्काचा काटेकोरपणा श्रीमंतांना परवडतो. एका परदेशी चित्रसंस्थेने एका चित्रासाठी कळविलेली रक्कम मास्तरांच्या महिन्याच्या निवृत्तिवेतनाइतकी होती. जे चित्र काढणारा चारशे वर्षांपूर्वी मरून गेला, त्याच्यासाठी आज एवढे पैसे कोणी आणि का घ्यावेत, हा राग खोटा नाही. सामान्य माणसाचा वारसा धनिकांच्या कपाटात बंद असणे ही अन्यायाचीच एक तऱ्हा आहे. परंतु त्या अन्यायावर उपाय म्हणून गोव्यातील एखाद्या होतकरू छायाचित्रकाराचे नाव पुसणे हे न्यायाचे काम होत नाही. बलवानाचा राग आपण दुर्बळावर काढतो, एवढेच.

आणि आता तिसरा प्रश्न ऐपतीचा. येथे सांगण्याजोगी आनंदाची गोष्ट ही, की गेल्या काही वर्षांत जगातील कित्येक मोठ्या संग्रहालयांनी आपली कपाटे खरोखरच उघडली आहेत. ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम २०१२ पासून आपल्याकडील हक्कमुक्त चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रती कोणालाही, व्यापारी वापरासाठीसुद्धा, विनामूल्य घेऊ देते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियमने २०१७ साली आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०२० साली तीच वाट धरली. सर्वच संस्था अशा उदार नाहीत. ह्याचे उत्तम उदाहरण पुन्हा महाराजांच्याच चित्रांचे आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस दख्खनी चित्रकारांनी काढलेले महाराजांचे एक चित्र ॲम्स्टरडॅमला आहे, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये. ॲम्स्टरडॅमची प्रत मुखपृष्ठावर छापण्यास आडकाठी नाही. लंडनची प्रत श्रेय देऊन अव्यापारी कामासाठीच वापरता येते, विक्रीच्या पुस्तकासाठी तेथे वेगळी परवानगी मागावी लागते. एकाच राजाची, एकाच काळातील, जवळजवळ सारखी दिसणारी दोन चित्रे, आणि दोन निराळ्या अटी! म्हणून चित्र उतरवून घेताना त्याखालची बारीक अक्षरातील अट वाचावी, कागदावर उतरवावी आणि पुस्तकाच्या फाइलीत लावून ठेवावी. विकिमीडिया कॉमन्ससारख्या संग्रहातही प्रत्येक चित्राची अट वेगळी असते. कोठे केवळ श्रेय पुरते, कोठे श्रेयाबरोबर आणखी बंधन असते, आणि कोठे अट लिहिणाऱ्याचीच चूक झालेली असते. चित्रकार कोण, तो केव्हा निवर्तला, मूळ चित्र कोठे आहे, ही तीन उत्तरे न मिळालेले चित्र आम्ही बाजूला ठेवू लागलो.

छपाईचीही एक अडचण सांगून ठेवतो. पडद्यावर सुरेख दिसणारे चित्र कागदावर पाण्यात भिजल्यासारखे उमटते. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पुढचे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. इंचाला तीनशे ठिपके धरले, तर चित्र निदान १६५० ठिपके रुंद आणि २५५० ठिपके उंच हवे. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत एकच चित्र पसरावयाचे असल्यास रुंदी दुपटीहून अधिक. मोबाइलवर कोणी पाठविलेले चित्र ह्या कामास बहुधा उपयोगी पडत नाही.

विनामूल्य चित्र हाच एक मार्ग आहे, असेही नाही. कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते उगीच नव्हे. दळवीज् आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन ह्यांसारख्या संस्थांत शिकलेली मुले ह्याच पेठांतून राहतात. त्यांतील एखाद्याला हस्तलिखित वाचावयास देऊन योग्य मानधनावर चित्र काढून घेणे हा दलालांच्या काळचा मार्ग आजही सर्वांत सरळ आहे. मात्र 'आपल्यातलाच पोरगा आहे' म्हणून तोंडी व्यवहार करू नये. हक्काचे हस्तांतर लेखीच असावे लागते. कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षांची धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतीच. सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली आणि चित्रकाराशी वाद झाला, तर दोघांचीही मने दुखावतात. शिवाय चित्राखाली नाव असणे आणि चित्राची मोडतोड न होणे हा चित्रकाराचा स्वतंत्र हक्क कायद्याने मानलेला आहे. चर्चच्या स्मरणिकांसाठी आम्ही स्वतः कित्येक वर्षे मुलांकडून फुकट चित्रे काढून घेतली आणि नावे छापावयास विसरलो, ही कबुली येथेच देऊन टाकतो. तो विसर नव्हता. त्या श्रमाला आम्ही श्रम मानीत नव्हतो.

आणि हेही जमत नसेल, तर नुसत्या अक्षरांचे मुखपृष्ठ करावे. सुबक देवनागरी अक्षरांत नाव, खाली लेखक, आणि भोवती मोकळी जागा. ते गरिबीचे लक्षण मुळीच नव्हे. खोट्या चित्रापेक्षा रिकामी जागा अधिक प्रामाणिक असते.

मास्तरांच्या कादंबरीचे शेवटी काय झाले? आमच्यापुढे दोन चित्रे उरली. पहिले होते फादर स्टीफन्स यांच्या निधनानंतर १६२२ साली रायतूर येथे छापलेल्या त्यांच्या 'दौत्रिन क्रिस्तां' ह्या ग्रंथाचे मुद्रित पृष्ठ. त्याची प्रतिकृती मारियानु साल्दान्य यांनी १९४५ साली लिस्बन येथे प्रसिद्ध केली होती. 'ख्रिस्तपुराणा'च्या १६१६ च्या पहिल्या आवृत्तीचे पान मिळते तर प्रश्नच नव्हता. ते नाही म्हणून हे. पण हा ग्रंथ कोंकणीत आहे, आणि मराठी पुराणाच्या कथेवर कोंकणी प्रश्नोत्तरीचे पान लावणे म्हणजे पुन्हा परका चेहरा लावण्यासारखेच, असे मास्तरांनी स्वतःच सांगितले. तोवर त्यांना रोग समजला होता!

दुसरे चित्र यान हुयखेन व्हान लिंस्होटेन ह्या डच गृहस्थाच्या १५९६ साली छापलेल्या प्रवासग्रंथातील, गोव्याच्या बाजारपेठेचे. लिंस्होटेन १५८३ ते १५८८ ह्या काळात गोव्याच्या महाधर्मगुरूंच्या पदरी होता. त्याने गोव्यात जे पाहिले त्यावरून डच कोरक्यांनी ते ताम्रपट कोरले. चित्र हक्कमुक्त, संग्रहालयाची मोठी प्रत विनामूल्य. पण आम्हांला हर्ष झाला तो दुसऱ्याच कारणाने. गोव्यात कैदेत पडलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्या एका इंग्रज येशूसंघीयाची हकीकत ह्याच लिंस्होटेनने नोंदविलेली आहे. तो इंग्रज धर्मगुरू म्हणजे आपले फादर स्टीफन्स. म्हणजे ज्या रस्त्यावरून कादंबरीचा नायक चालला, त्याच रस्त्याचे, त्याच वर्षांतले, त्याची नोंद ठेवणाऱ्या माणसाच्या ग्रंथातले हे चित्र! आठवड्यांच्या शोधानंतर मास्तरांना त्यांचे स्थळ मिळाले होते.

तरीही एक वाद झालाच. त्या पेठेत इतर मालाबरोबर माणसांचीही विक्री होत असे. लिंस्होटेनने तसे लिहून ठेवले आहे. जुळणी करणाऱ्या तरुणाने पालख्या, छत्र्या आणि घोडेस्वार तेवढे ठेवून बाकीचे चित्र कापून दिले. ते डौलदार दिसत होते. मास्तरांना ते आवडलेही. आम्ही म्हणालो, तुमच्या कादंबरीच्या अकराव्या प्रकरणात गुलामांच्या विक्रीचे दृश्य आहे. ज्या शहरात मिस्सा होत असे आणि त्याच शहराच्या पेठेत माणसाचा लिलाव होत असे, त्या शहराविषयी तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. मग मुखपृष्ठाने ते का लपवावे? आपल्या धर्मबांधवांना हे पाहून वाईट वाटेल, अशी मास्तरांची शंका होती. वाटेल, हे आम्हांलाही मान्य होते. पण इतिहासाची काटछाट करून मिळविलेला अभिमान फार दिवस टिकत नाही, हेही ठाऊक होते. अखेर चित्र न कापता मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत पूर्ण छापावे असे ठरले. ह्यात चार हजारांपैकी अडीच हजार रुपये अक्षरांची मांडणी करणाऱ्या मुलीला मिळाले, आणि तिचे नाव आत छापले गेले.

पुस्तक नाताळापूर्वी आले. मुखपृष्ठावर नायकाचा चेहरा नाही. श्रेयाच्या पानावर मास्तरांनी चित्राचा उगम लिहिला आहे आणि त्याखाली एक ओळ आहे: फादर थॉमस स्टीफन्स यांचे समकालीन चित्र उपलब्ध नाही. पेठेतल्या एका वाचकाने आम्हांला विचारले, "फादर, एवढं लिहायची काय गरज होती?" आम्ही त्यांना बाईंचे ते वाक्य सांगितले.